फाटकामागची वाट

१४ सप्टेंबर २०२४

चि. वीणा,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचा की नाही ते तुझ्यावर. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. तुझ्या शाळेचा पत्ता अवधूतने कॉम्प्युटरवर शोधून दिला. मीच मागे लागलो होतो, तेव्हा भावावर रागावू नकोस.

मला काही मागायचं नाही. तब्येत ठीक आहे. साखर जरा वाढली आहे आणि उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. दोन वर्षांपूर्वी अवधूतने श्रूजबरीचं घर विकलं आणि आम्ही वर, अमेरिकेच्या उत्तर टोकाला मेन नावाच्या राज्यात आलो. त्याला आणि अस्मिताला घरूनच काम करायची मुभा मिळाली. अस्मिताला मोकळी जागा हवी होती, अवधूतला स्वस्त घर हवं होतं. गावात आपलं माणूस एकही नाही. किराणा आणायला चाळीस मैल जावं लागतं.

घराच्या मागे जंगल आहे. तुला हसू येईल, जन्मभर जंगलात वनमजुरी केली आणि म्हातारपणी पुन्हा जंगलाच्याच दारात येऊन बसलो. पण इथलं जंगल सरकारचं नाही, लाकडाच्या कंपनीचं आहे. हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले. जमीन कंपनीची, झाडं कंपनीची, पण फिरायला, मासे धरायला, शिकारीला कुणीही जावं. कुणी अडवत नाही. शंभर वर्षांचा रिवाज आहे म्हणतात. मीही रोज सकाळी काठी घेऊन दोन मैल जायचो.

या जुलैत कंपनीने जंगल विकलं. घेणारे कोण ते कुणी पाहिलेलं नाही. दूरच्या शहरातले पैसे गुंतवणारे लोक आहेत असं अवधूत सांगतो. मागच्या आठवड्यात दोन माणसं आली, सिमेंटचे खांब पुरले आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला पिवळं फाटक बसवलं. त्यावर पाटी. आत येण्यास मनाई.

शेजारी थिबोडो म्हणून एक म्हातारे आहेत. एकोणऐंशी वर्षांचे. तरुणपणी याच जंगलात लाकूडतोडे होते. बायको म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात असते, तिला आता यांचं नाव आठवत नाही. रोज सकाळी ते चार चाकांच्या उघड्या गाडीवर बसून आमच्या घरावरून जंगलात जातात. मला राज म्हणतात. मला वीस शब्द इंग्रजी येतं आणि त्यांना मराठी येत नाही, तरी पायरीवर तासभर बसणं होतं.

पाटी लागली तेव्हा ते गाडीवरून उतरले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पाटी वाचली. मग अस्मिताला म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला सांग, या झाडांच्या मुळाशी माझे आजोबा मुतलेले आहेत. ही पाटी परवाच्या मंगळवारची आहे." अस्मिताने तोंडावर हात ठेवून मला सांगितलं. आम्ही तिघं हसलो.

पण मला ते फाटक बघवत नाही. का ते तुला कळेल.

अजून एक. मी गस्तीची वही इथेही लिहितो. हसू नकोस. सवय जात नाही. कोण आत गेलं, किती वाजता, कधी बाहेर आलं. वाचायला कुणी नाही. पूर्वी तू शुद्धलेखन तपासायचीस, आता तसंच राहतं.

बाबा


५ ऑक्टोबर

चि. वीणा,

उत्तर नाही. पत्र पोहोचलं की नाही, तेही कळत नाही. पोस्टातली बाई अस्मिताला म्हणाली, तीन आठवडे लागतात. म्हणजे कदाचित काल पोहोचलं असेल, कदाचित वाटेत गहाळ झालं असेल. मी दुसरं लिहितो आहे.

झाडांना आता डबे लावले आहेत, राखाडी, मुठीएवढे. त्यात कॅमेरे असतात. माणूस समोरून गेला की आपोआप फोटो निघतो. मी फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. फाटकाला हात लावत नाही. पांढरी गाडी दिवसातून दोनदा येते, इंजिन चालू ठेवून उभी राहते, मग जाते. आत कोण आहे ते काचेमुळे दिसत नाही.

थिबोडोंनी दुसरी वाट शोधून काढली. शोधली म्हणजे काय, त्यांना पाठच होती. पन्नास वर्षांपूर्वी घोड्यांनी ओंडके ओढत असत ती ओढ्याकाठची वाट. आमच्या घराच्या डाव्या अंगाने खाली उतरते, फाटक बाजूला राहतं, डबेही नाहीत. सकाळी पावणेसातला आवाज येतो, साडेआठला परत. तळ्याशी जाऊन बसतात. गळ टाकतात की नुसतेच बसतात ते सांगत नाहीत.

अवधूतने परवा मला समोर बसवलं. म्हणाला, "बाबा, त्या कंपनीच्या लोकांशी नीट राहा. आपला ड्राइव्हवे त्यांच्या जमिनीतून जातो. जुन्या कंपनीने लेटर दिलं होतं, दरवर्षी रिन्यू व्हायचं. हे नवीन लोक करतील का, काही माहीत नाही. नाही केलं तर आपल्याला घरातून बाहेर पडायला रस्ता नाही."

मी विचारलं, "असं कसं? रस्ता आहे ना तो?"

"रस्ता आहे, पण आपला नाही. घेताना मी नीट वाचलं नव्हतं." हे बोलून तो खाली बघत बसला. इतका मोठा इंजिनियर आणि असा बसला की मला बारावीतला अवधूत दिसला.

म्हणून काल तो माणूस आला तेव्हा मी नीट वागलो. अस्मिता आतल्या खोलीत कामाच्या फोनवर होती. मी पायरीवर. पांढऱ्या गाडीतून उतरला. खाकी शर्ट, दंडावर कापडी बिल्ला, कमरेला वॉकीटॉकी. वीणा, मी उठून उभा राहिलो आणि सलाम केला. हात आपोआप गेला. तो गोंधळला, मग त्यानेही हात वर केला. मला सर म्हणाला. मी त्याला साहेब म्हणालो. त्याने काहीबाही विचारलं, मी काहीबाही सांगितलं. विशेष काही नाही.

थंडी सुरू झाली आहे. शाळेत मुलं किती आहेत तुझ्या वर्गात?

बाबा


२७ ऑक्टोबर

चि. वीणा,

घरात चकल्या झाल्या. अस्मिताच्या सोऱ्याचा दट्ट्या मोडला, तेव्हा निम्म्या हाताने वळल्या, वाकड्यातिकड्या. दिवाळीचं काही पाठवता येत नाही म्हणून लिहितो.

इथे या दिवसांत लोक जंगलातून फर झाडाच्या फांद्यांचे शेंडे मोडून आणतात. नाताळात दारावर लावायला त्याची गोल तोरणं करतात. नियम असा की तीन कडक गोठणाऱ्या रात्री झाल्याशिवाय शेंडा मोडायचा नाही, आधी मोडला तर सुया गळतात. थिबोडो आणि त्यांची बायको चाळीस वर्षं तोरणं करून विकायचे. आता ते एकच करतात, तिच्या खोलीच्या दाराला. ती त्यांना रोज विचारते म्हणे, हे कुणी लावलं, छान आहे.

जुन्या कंपनीचा साहेब त्यांना दरवर्षी परवानगीची चिठ्ठी द्यायचा. ती त्यांनी मला दाखवली. घडी घालून घालून मधे फाटली आहे. नव्यांना दोन वेळा फोन केला, कुणी माणूस उचलत नाही, मशीन बोलतं. काल दुसरी गोठणारी रात्र झाली. ते बोटं दाखवून म्हणाले, अजून एक, राज.

मला ती मोहफुलं आठवतात. तीही दिवस उजाडायच्या आत वेचायची. जाऊ दे.

वीणा, मागच्या पत्रात मी लिहिलं की विशेष काही नाही. ते तसं नव्हतं. तो खाकीवाला माणूस पायरीवर माझ्याशेजारी बसला. शेजारी, खालच्या पायरीवर नाही. माझी वही पडलेली होती. बोट दाखवून विचारलं, हे काय. मी अभिमानाने सांगितलं, आय फॉरेस्ट, इंडिया, थर्टी वन इयर. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग गाडीचा आवाज तोंडाने काढून विचारलं, ती चारचाकी कुठून जाते. वही त्याला वाचता येईना. तेव्हा मी कोरा कागद घेतला आणि नकाशा काढून दिला. ओढा, मोठा खडक, पांढऱ्या सालीची तीन झाडं, त्यांच्यामधून वाट. त्याच्यासाठी वेळ इंग्रजी आकड्यांत लिहिली. आत पावणेसात, बाहेर साडेआठ. कागद त्याने नीट घडी घालून खिशात ठेवला.

मला तो सरकारी रेंजर वाटला होता. अस्मिताने नंतर सांगितलं, नाही बाबा, तो कंपनीने ठेवलेला रखवालदार आहे, त्याला सरकारी अधिकार काही नाही. म्हणजे तो माझ्यासारखाच. माझ्याहूनही खालचा म्हणायला हरकत नाही.

नकाशाचं मात्र मी अस्मिताला सांगितलेलं नाही.

गुरुवारी ओढ्याच्या बाजूने मशीनचा आवाज आला, लोखंडात भोक पाडतात तसा. अर्धा तास. तेव्हापासून थिबोडोंची गाडी तिकडे गेलेली नाही, ते तिसऱ्या रात्रीची वाट बघताहेत. मी जाऊन बघायला हवं होतं. मनाईची पाटी आहे, अवधूतने जायचं नाही म्हणून बजावलं आहे, आणि गुडघा. ही सगळी कारणं खरी आहेत.

आज दुपारी थिबोडो आले, चकली खाल्ली, म्हणाले ही काटेरी तारेसारखी दिसते आणि चांगली लागते. अस्मिता म्हणाली, अजून घ्या. त्यांनी दोन खिशात टाकल्या. मला सांगायचं होतं की ओढ्याकडून जाऊ नका. अस्मिता समोर होती, तिने लगेच इंग्रजीत सांगितलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का. आणि तुला कसं माहीत. मी त्यांना एवढंच म्हणालो, नो गो, कोल्ड. ते म्हणाले, राज, मी थंडीतच जन्मलो. आणि गेले.

उद्या सांगेन. उद्या नक्की.

बाबा


२ नोव्हेंबर

वीणा,

थिबोडो दवाखान्यात आहेत. इथून दोन तासांवर मोठा दवाखाना आहे तिथे. जिवंत आहेत. गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे.

नरक चतुर्दशीच्या दिवशी झालं. मी पहाटे उटणं लावून आंघोळ केली आणि खिडकीशी बसलो. बुधवारी तिसरी गोठणारी रात्र झाली होती. पावणेसातला गाडी ओढ्याकडे उतरताना दिसली, मागे फांद्यांसाठी रिकामी पोती बांधलेली. वहीत लिहिलं, आत पावणेसात. ते परत आले नाहीत म्हणून मी लगेच काठी घेऊन निघालो.

त्या तीन पांढऱ्या झाडांमध्ये आडवा पोलादी दोर होता. बोटाएवढा जाड, छातीच्या उंचीवर. त्याला चिंधी नाही, पाटी नाही, काही नाही. सूर्य समोरून येतो तिथे. गाडी पुढे जाऊन खडकाला टेकली होती आणि चालूच होती. ते पाठीवर पडले होते. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते. तोंडातून आवाज येत नव्हता, गळ्यातून येत होता.

मी पळत परत आलो. या गुडघ्याने कसा पळालो माहीत नाही. अस्मिताने फोन केला. बाकी सगळं त्यांनी केलं.

आता तुला सगळं लिहितो. तुला माहीत आहे, पण मी माझ्या तोंडाने कधी पुरतं बोललो नाही. सोळा वर्षं झाली.

२००८ चा एप्रिल. आपल्या गावाजवळचं जंगल बंद झालं होतं, मोह वेचायलाही जायचं नाही असा हुकूम. बायका तरी जायच्या. तुझी आई गेल्यावर ज्यांनी त्यांच्या शिवांगीबरोबर तुलाही वेणी घालून शाळेत पाठवलं त्या सुहासिनीबाईही जायच्या. मी गस्तीच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं. वाट लिहिली, वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी पथक त्याच वाटेवर दबा धरून बसलं. बाई पळाल्या आणि अंधुकात मुरमाच्या खदानीत पडल्या, जागीच गेल्या. टोपली वर राहिली.

चौकशी झाली. विचारलं, नावं कुणी दिली. मी म्हणालो, साहेब, मी पाचवी शिकलेला, मला धड नाव लिहिता येत नाही, मी नुसती सही करतो. सगळ्यांनी मानलं. अडाणी म्हणून सोडून दिलं. ते पान तू, बाई पडल्या त्याच्या आदल्या रात्री, तपासलं होतंस. सुहासिनीतला पहिला सु दीर्घ लिहिला होता, तो तू ऱ्हस्व केलास. नाव वाचून तू विचारलं होतंस, मावशीचं नाव कशाला? मी म्हणालो, तशी रीतच आहे. पान मी फाडलं, पण तू बघितलं होतंस.

तू म्हणालीस, बाबा, चौकशीत खरं सांगा. मी सांगितलं नाही. तू घर सोडलंस. बारावीची परीक्षा कुठून दिलीस तेही मला कळलं नाही.

दिवे लावले नाहीत आम्ही. अस्मिताने एक पणती देवापाशी ठेवली.

बाबा


११ नोव्हेंबर

वीणा,

जंगलातल्या अपघातांची चौकशी करणारा सरकारी माणूस आज येऊन गेला. हा खरा सरकारी. हिरवा गणवेश. या वेळी मी सलाम केला नाही. हात खिशात धरून ठेवला.

येण्याआधी अवधूतने मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. त्याला कसं कळलं ते ऐक. दोर बांधणाऱ्या रखवालदाराने सांगितलं की त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या इंडियन म्हाताऱ्याने वाट दाखवली. कंपनीचा वकील आता म्हणतो आहे की दोराचं आम्हाला माहीत नव्हतं, रखवालदाराने मनाने केलं. रखवालदार म्हणतो, मला सांगितलं तसं मी केलं. प्रत्येक जण हात झटकतो आहे.

अवधूत म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. तुम्हाला इंग्लिश येत नाही. तो काय विचारत होता ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही घराजवळचं चित्र काढलं. एवढंच आहे. बाकी काही बोलू नका."

मी म्हणालो, "मला कळलं होतं."

"ते तुम्हाला आणि मला. ही कोर्टाची गोष्ट होऊ शकते. रस्त्याचं लेटर अजून आलेलं नाही. आपण त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली तर ते देणार आहेत का? मग घर कुणी घेईल? कुठे जायचं आम्ही?"

"अवधूत, हे मी एकदा केलं आहे."

"काय केलंय?"

त्याला माहीत नाही, वीणा. इतकी वर्षं तू त्याला सांगितलं नाहीस. मी तर नाहीच. त्याला वाटतं तू तुझ्या लग्नाच्या गोष्टीवरून रुसली आहेस.

चौकशीचा माणूस स्वयंपाकघरात बसला. अस्मिता दुभाषी. त्याने विचारलं, तुम्ही त्या रखवालदाराला काही दिलं होतं का. मी अस्मिताला मराठीत सांगितलं, "त्याला सांग, मी वाटेचा नकाशा काढून दिला. थिबोडोंच्या जायच्या यायच्या वेळा लिहून दिल्या. मला ठाऊक होतं तो कशासाठी विचारतो आहे."

अस्मिताने मान वळवली. दाराशी अवधूत उभा होता. मग ती इंग्रजीत बोलली. मला भाषा कळत नाही, पण तिच्या वाक्यात थिबोडो हे नाव आलं नाही. माझं वाक्य लांब होतं, तिचं आखूड होतं. मुलगी वाईट नाही.

तेव्हा मी स्वतःच बोललो. आय मेक मॅप. आय राइट टाइम. आय नो. तीन वाक्यं. त्याने लेखणी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलली.

मग विचारलं, ते परत आले नाहीत हे किती वाजता लक्षात आलं. अस्मिताने हा प्रश्न मात्र पुरा सांगितला. मी तुला लिहिलं होतं लगेच निघालो. लगेच नाही. साडेआठ झाले, वहीत बाहेरची वेळ लिहायला लेखणी घेऊन बसलो होतो. नऊ झाले. दहा झाले. मी खिडकीतच होतो. वाटत होतं, आता आवाज येईल. गेलो आणि काही झालेलं नसलं तर मी मनाईच्या जागेत सापडेन, अवधूतचा रस्ता जाईल. गेलो आणि झालेलं असलं तर ते मला बघावं लागेल. अकराला निघालो. डॉक्टर म्हणतात, दोन तास आधी आणलं असतं तर गळा वाचवता आला असता. बोलता आलं असतं.

हे सगळं मी अस्मिताला सांगितलं आणि या वेळी तिने सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने काही गाळलं नाही. अवधूत दारातून निघून गेला.

संध्याकाळी तो जेवायला खाली आला नाही.

बाबा


२४ नोव्हेंबर

वीणा,

बर्फ पडलं. कंपनीचं पत्र आलं. आमच्या रस्त्याची परवानगी ३१ डिसेंबरला संपते, पुढे वाढवणार नाहीत. कारण लिहिलेलं नाही. अवधूतने वकील बघितला आहे. माझ्याशी तो गरजेपुरतं बोलतो, औषध घेतलं का, हीटर बंद केला का. काल मी त्याला सुहासिनीबाईंचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझी इंजिनिअरिंगची फी?" मी म्हणालो, हो, नोकरी गेली असती तर फी भरता आली नसती. तो उठून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला, कोट न घालता. अस्मिता कोट घेऊन गेली.

आज अस्मिताने मला दवाखान्यात नेलं. मीच म्हणालो होतो. वाटेत ती एकदाच बोलली, "बाबा, त्यांना माहीत असेल आत्तापर्यंत. तरी जायचं?" मी म्हणालो, माझ्या तोंडून माहीत नाही.

थिबोडो उशीला टेकून बसले होते. केवढे लहान झाले आहेत. गळ्यातल्या नळीतून श्वासाचा आवाज येतो, चहा उकळल्यासारखा. मला बघून त्यांनी हात वर केला, नेहमीसारखा. त्यांना माहीत नव्हतं, वीणा. त्यांच्या मुलीने सांगितलं नव्हतं. मला वाचवणारा राज म्हणून त्यांनी माझा हात धरला.

मी हात सोडवला नाही. तसाच धरून सगळं सांगितलं. नकाशा, वेळा, सत्तावीस तारखेची चकली, खिडकीतले अडीच तास. अस्मिता एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली. मधे केव्हातरी त्यांनी हात काढून घेतला.

बोलता येत नाही म्हणून दवाखान्याने त्यांना पांढरी पाटी आणि खडूसारखी लेखणी दिली आहे. ती त्यांनी घेतली आणि एक शब्द लिहिला. अस्मिताने वाचला. का?

रस्त्याचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मुलाचा रस्ता जाईल म्हणून. ते खरं कारण आहे, कुणीही मानेल. पण तो माणूस आला, माझ्याशेजारी बसला, मला सर म्हणाला, तेव्हा रस्ता माझ्या डोक्यात नव्हता. रस्ता नंतर आला.

मी म्हणालो, "त्याने विचारलं म्हणून."

अस्मिताने माझ्याकडे बघितलं. "एवढंच सांगू?"

"एवढंच."

तिने सांगितलं. थिबोडोंनी माझ्याकडे बघितलं. मग अंगातल्या कपड्याच्या बाहीने पाटी पुसली आणि तोंड खिडकीकडे केलं. अस्मिताने काठी माझ्या हातात दिली. मग निघालो.

तूही तेच विचारलं होतंस, सोळा वर्षांपूर्वी, दारात पिशवी घेऊन उभी राहून. का, बाबा? मी म्हणालो होतो, दादाच्या फीसाठी. ते चौकशीत खोटं बोलण्याचं कारण होतं. नाव लिहिण्याचं नव्हतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा आज गाडीत येताना सांगितलं.

मी एकतीस वर्षं वनखात्याच्या त्या ऑफिसात गेलो. दारात उभा राहायचो, चप्पल बाहेर. नाव लिहिलं त्या दिवशी राउंडसाहेबांनी, म्हणजे वनपालांनी, लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, बस राजाराम, तुझ्याइतकं जंगल कुणाला माहीत नाही. चहा मागवला. मग विचारलं, कोण कोण जातं रे, कुठल्या वाटेने? मी खुर्चीत बसून सगळ्यांची नावं सांगितली, आणि साहेब म्हणाले ती वहीतही लिही. सुहासिनीबाईंचं नाव सांगायची गरज नव्हती. त्यांनी बाकीच्या चार नावांवर समाधान मानलं होतं. मला अजून थोडा वेळ बसायचं होतं.

हे पत्र शिवांगीला दे. तिच्या आईचं आहे.

राजाराम